राखाडी बूच

जमदाडेबाई रुग्णाला कधी नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "मलकापूर, पुढं या." "कोरेगाव, बाही वर करा." "पाटण, किती वेळ उभ्या राहणार, बसा की बाकावर." एकाच गावची दोन माणसं आली तर पहिलं मलकापूर आणि दुसरं मलकापूर. कुणी आपण होऊन नाव सांगायला लागलं, तर सुईवरची नजर न काढता म्हणायच्या, "विचारलं का मी?"

मी त्या सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता होतो. लोक कंपाउंडर म्हणत. पहिली पाच वर्षं मी त्यांना सुधारत बसलो, मग नाद सोडला. माझी औषधांची खिडकी आणि बाईंच्या रक्ततपासणीच्या खोलीचं दार समोरासमोर, मधे फक्त व्हरांडा. त्यामुळे चौदा वर्षं मी त्यांना रोज पाहिलं, बहुतेक पाठमोरं. रुग्णालय कुठलं ते लिहीत नाही. सातारा आणि सांगलीच्या मधे, महामार्गापासून फार लांब नाही, एवढं पुरे. यापेक्षा जास्त लिहिलेलं बाईंना आवडलं नसतं.

ठेंगणी मूर्ती, घट्ट बांधलेला अंबाडा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. पेन्सिलीला टोक करायच्या त्या ऑपरेशनच्या ब्लेडनं, आणि ते टोक असं निघायचं की आमचे साहेबसुद्धा टिपणं काढायला त्यांची पेन्सिल मागून न्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. दुपारची भाकरी उभ्यानं खायच्या, खिडकीकडं तोंड करून. मूळ घर सांगलीचं, राहणं मलकापूरला भावाच्या शेजारी दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. मी नवा असताना एकदा धीर करून का म्हणून विचारलं. "देसाई, तुम्ही का केलंत ते मी विचारलं का?" असं म्हणाल्या आणि वर माझ्या बायकोची रक्तातली साखर कशी आहे त्याची चौकशी केली. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

माणसाच्या शिरा हा त्यांचा खरा विषय. दोन बोटांनी टिचक्या मारून शीर जागी करत, आणि मग तिच्याबद्दल एखादं मत देत. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या बायकांच्या शिरा दोरीसारख्या टणक असतात, कचेरीत बसणाऱ्यांच्या लाजाळू असतात, असं त्यांचं म्हणणं. "नाव मी संध्याकाळपर्यंत विसरते. ती माझी नोकरी आहे," असं सांगायच्या. "शीर मात्र विसरत नाही." हे खरं होतं. तीन-चार वर्षांनी आलेल्या म्हातारीला त्यांनी दारातच सांगितलेलं मी ऐकलंय, "डावा हात नको, उजवा काढा. डाव्यानं मागच्या वेळी दगा दिला होता."

आमच्याकडे फौजेतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ यायची. ती सांगायच्या आधीच हात पुढं करून समोर बघत बसत, कवायतीला उभं असल्यासारखी. असेच एक सुभेदार, मिशा कानापर्यंत, सुई बघितली आणि स्टुलावरून सरळ खाली गेले. बाहेर त्यांचे दोन मुलगे आणि सुना. बाईंनी मला खूण करून आत घेतलं आणि दार ढकललं. आम्ही दोघांनी त्यांना उचलून टेबलावर घेतलं. मग बाई बाहेर गेल्या आणि गंभीर चेहऱ्यानं सुनांना म्हणाल्या, "साहेबांच्या काही जास्तीच्या तपासण्या चालल्यात, वेळ लागेल. चहा घेऊन या." सुभेदार वीस मिनिटांनी मिशा सावरत बाहेर पडले, ते ताठ मानेनं. गावात ही गोष्ट कधीच गेली नाही. आज मी लिहितोय, पण गाव सांगत नाही.

त्यांच्या टेबलावर एक एनॅमलचा किडनी ट्रे, घेवड्याच्या दाण्यासारखा बाकदार, कायम पालथा असे. आलेला प्रत्येक अहवाल त्याच्याखाली जाई. तो ट्रे उचलायचा नाही हे झाडूवाल्या मावशींपासून जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खोलीच्या कोपऱ्यात, कापसाच्या गठ्ठ्याशेजारी, एक पत्र्याचा दळणाचा डबा होता. त्या डब्यामुळंच ट्रे पालथा झाला होता, म्हणून तो प्रकार आधी सांगतो.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. एड्स हा शब्द आमच्याकडं वर्तमानपत्रातून आला होता. रोग मुंबईत आहे, परदेशात आहे, आपल्याकडं येईल तेव्हा बघू, अशी आमची समजूत. एक माणूस वहिनीच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला आला. त्याचं रक्त तपासणीला गेलं आणि त्यात तो दोष निघाल्याची चिठ्ठी आली. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि वॉर्डात हाक आली म्हणून दोन मिनिटं गेल्या. समोरच्या स्टुलावर त्याच माणसाच्या गावचा एकजण लघवीची बाटली घेऊन बसला होता. त्यानं मान वाकडी करून चिठ्ठी वाचली. बस्स.

दहा-बारा दिवसांनी त्या माणसाची बायको आली. डोक्यावर दळणाचा डबा. तो तिनं बाईंच्या टेबलावर ठेवला. भांडण नाही, रडणं नाही.

"गिरनीत आमचं दळन घेईनात," ती म्हणाली. "म्हनत्यात, तुमचं पडलं तर जातं धुवाया लागंल. न्हावी बी दारात येत न्हाई. म्याडम, कागुद तुमच्या टेबलावर व्हता म्हनं."

"होता," बाई म्हणाल्या.

"मग ह्ये आता कुटं दळू त्येवढं सांगा."

बाईंनी डबा उचलला आणि माझ्या खिडकीत आणून ठेवला. "देसाई, स्कूटर काढा." आम्ही दोघं शहरातल्या गिरणीत गेलो, दळण घेऊन आलो, तोवर ती बाई बाकावर बसून होती. पुढं वर्षभर दर शनिवारी तो डबा एस.टी.नं यायचा आणि पीठ होऊन परत जायचा. नवरा गेला तशी ती माहेरी निघून गेली. जाताना डबा देऊन गेली, आता इथंच असू द्या म्हणाली. बाईंनी त्यात काही भरलं नाही. मी एकदा म्हटलं, कापूस तरी ठेवा त्यात. त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मी खिडकी लावून घेतली.

पुढं चार-पाच वर्षांनी दिल्लीहून परिपत्रक निघालं आणि मुंबईमार्गे आमच्याकडं आलं. जगभर चाललेली पद्धत म्हणे. जिनिव्हात कुठंतरी तज्ज्ञ बसले, त्यांनी ठरवलं, आणि सगळ्या देशांनी मान्य केलं. रोग किती पसरलाय हे सरकारला मोजायचं होतं. गरोदर बायका तपासणीला येतात तेव्हा त्यांचं रक्त घेतलंच जातं. त्यातलं उरलेलं थोडं एका छोट्या बाटलीत काढायचं, त्यावरचं नाव काढून टाकायचं, नुसता नंबर लावायचा आणि सांगलीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथं तपासणी होईल आणि इतक्यांपैकी इतक्या एवढंच वर कळवलं जाईल. कुणाची बाटली कुठली हे कुणालाच कळणार नाही, त्या बाईलासुद्धा नाही. औषध तर तेव्हा सरकारकडं नव्हतंच. मग निदान नाव तरी बाहेर फुटू नये, असा त्यातला विचार.

पुण्याला दोन दिवस प्रशिक्षण झालं. बाई तिथून परत आल्या त्या खुशीत. त्यांना मी क्वचितच खुशीत पाहिलंय.

"सरकार मला पहिल्यांदा लेखी सांगतंय, की नाव विसरा," त्या म्हणाल्या. "शहाणपणाचं काम केलंय कुणीतरी."

मी आपला खवचटपणा केला. "जिनिव्हातल्या माणसाला आपली गिरणी कशी कळली म्हणायची?"

"गिरणी सगळीकडं असते, देसाई."

परिपत्रकात होतं त्याच्या पुढं जाऊन त्यांनी आपली एक रीत बसवली. दिवसभराच्या बाटल्या मोठ्या ट्रेमधे घ्यायच्या आणि नंबर लावायच्या आधी तांदूळ निवडताना हलवतात तसा ट्रे चांगला हलवायचा. म्हणजे कोण आधी आलं, कोण नंतर, हा क्रमसुद्धा उरायला नको. सगळ्या बाटल्या सारख्या, सगळ्यांना तांबडी रबरी बुचं. मग डोळे मिटल्यासारखं करून एकेक उचलायची आणि नंबर चिकटवायचा. साहेब हसायचे. बाई ट्रे हलवायच्या.

अशाच एका सोमवारी बुचं कमी पडली. रांगेत शेवटची एक बाई उरली होती. पाटणच्या पुढं, नदीकाठच्या गावातली. पहिली गाडी चुकली म्हणून उशिरा आलेली, पहिलंच बाळंतपण, वय विशीच्या आत-बाहेर, बोलायला चुणचुणीत. बाईंच्या हिशेबी ती अर्थात 'पाटण'. आपणही तिला पाटणच म्हणू. बाईंनी दारातून विचारलं, "देसाई, एक बूच आहे का?" माझ्याकडं रिकाम्या इंजेक्शनच्या बाटल्यांची बुचं उकळून ठेवलेली असत. तांबडं नव्हतं. कुठल्याशा औषधाचं राखाडी होतं, ते मी नेऊन दिलं.

पाटणनं ते बघितलं. "माज्याच बाटलीला येगळं बूच का वं?"

मी म्हणालो, "म्हणजे तुझी बाटली ओळखू येईल."

ती हसली, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी बूच बदललंही नाही. बदलायला दुसरं नव्हतंच. ट्रे नेहमीप्रमाणे हलवला, नंबर लावले, आणि सगळ्यांचं लक्ष घराकडं लागलं.

बर्फाचा डबा बाई स्वतः सांगलीला न्यायच्या. एस.टी.त मांडीवर घेऊन बसायच्या, कुणी टपावर टाका म्हणालं तर त्याच्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. एरवी डबा देऊन लगेच निघत. पुढच्या आठवड्याच्या खेपेला मात्र आधीचे रिकामे ट्रे घ्यायचे होते म्हणून प्रयोगशाळेत आत गेल्या. तिथं आमच्या आधीच्या आठवड्याच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. ज्यांत दोष सापडला होता आणि ज्या पुन्हा तपासायच्या होत्या त्या बाजूला, वेगळ्या रॅकमधे. त्यात एक राखाडी बूच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खिडकीशी आल्या. "देसाई, तुमचं ते राखाडी बूच," एवढंच म्हणाल्या. मला कळलं. मी केलेला विनोद मला जसाच्या तसा ऐकू आला. आयुष्यात मी पुष्कळ फालतू बोललोय, पण तेवढं एक वाक्य परत घेता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमचं दोघांचं चालू होतं. मी म्हणायचो, सांगून टाका. पोर गरोदर आहे, नवरा ट्रकवर असतो, तिला कळायला नको? बाई म्हणायच्या, "सांगते. कुणाच्या देखत सांगू? सासूच्या? आणि सांगितल्यावर तिच्या दारात कोण उभं राहणार, तुम्ही?" मग म्हणायच्या, "आणि नाही सांगितलं तर तिला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. असं कसं चालेल?" मला त्यांचा राग यायचा. मला वाटायचं, एवढी धीट बाई, आणि इथं परिपत्रकामागं लपते. आज तो राग आठवला की माझीच लाज वाटते.

एकदा तर मी म्हणालो, "नियमच मोडायचा नाही म्हणा तुम्हाला."

त्यांनी कोपऱ्यातल्या डब्याकडं बोट केलं. "नियम तो आहे. परिपत्रक नंतर आलं."

शेवटी त्या साहेबांकडं गेल्या. आमचे निकम साहेब सज्जन होते, घाबरट होते, आणि दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. मी औषधांच्या मागणीपत्रावर सही घ्यायला तिथंच उभा होतो. बाईंनी राखाडी बुचाचं सगळं सांगितलं, फक्त ती कोण ते सांगितलं नाही.

"बाई, हे बसत नाही," साहेब म्हणाले. "तिची परवानगी न घेता केलेली तपासणी आहे ती. फक्त मोजणीसाठी. एकीला गाठून सांगणं म्हणजे सगळ्या पद्धतीलाच हरताळ."

"एकीला नाही सांगणार, साहेब. सगळ्यांना विचारणार."

"म्हणजे?"

"त्या भागात जाऊन शिबिर घेऊ. बाया, पुरुष, जो येईल तो. आधी समजावून सांगू, आणि ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचंय त्याचं रक्त नव्यानं घेऊ, त्याच्या मर्जीनं. उत्तर त्याच्या एकट्याच्या हातात. तीही येईल. तिला विचारू. हो म्हणाली तर मग मला सांगता येईल."

साहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. बाईंचीच पेन्सिल. "एकीसाठी अख्खं गाव?"

"दुसरी वाट असली तर सांगा."

जीप मिळाली. एक नर्सबाई, जमदाडेबाई, मी, आणि माझ्याकडं निरोधची खोकी. शाळेच्या खोलीत शिबिर भरलं. बाईंनी बायकांना वेगळं बसवलं आणि तासभर बोलल्या. कुणापासून होतो, कशानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, गिरणीतून होत नाही. गिरणीचं त्यांनी तीनदा सांगितलं. मी बाहेर पुरुषांसमोर निरोधबद्दल बोललो. तिथला एक फौजी पेन्शनर मला म्हणाला, "गड्या, ह्ये आमाला पलटनीत बी सांगायचे. तवा बी कोन ऐकत न्हवतं." पण खोकी संपली.

रक्त द्यायला बऱ्यापैकी माणसं पुढं आली. सरपंच आले, त्यांना बघून आणखी पाच-सहाजण. बाया आल्या. पाटण भिंतीला टेकून बसली होती, पोट चांगलं दिसायला लागलेलं. सगळ्यात शेवटी उठली आणि पडद्यामागं बाईंच्या समोर येऊन बसली. मी पडद्याच्या अलीकडं बाटल्या भरत होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

बाईंनी तिला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगितलं होतं. शब्द जास्त नाही, कमी नाही. मग विचारलं, "घेऊ रक्त?"

मग ती म्हणाली, "म्याडम, इतक्या लांब आमच्याकडं कवा आला न्हाईत तुमी. त्या येगळ्या बुचामुळं आलाय व्हय?"

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली.

"मी गावातल्या सगळ्यांसाठी आले आहे," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि हे खोटंही नव्हतं.

"मला नगं," ती म्हणाली. "कळून काय करू? औशद हाय का?"

"नाही."

"मग कुनाला सांगू? सासू ऐकंल, मला म्हायेरला धाडंल. आई तर न्हाई मला. जे हाय ते पोटात असू द्या."

"घेतलं नाही तरी चालतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पण ती पाकिटं घेऊन जा. नवऱ्याला सांगायचं, नर्सबाईनं सक्ती केलीय. आणि बाळंतपण दवाखान्यात, घरात नाही. आणि कवाबी वाटलं, तर माझ्याकडं ये. मी सोमवार ते शनिवार तिथंच असते."

'कवाबी' म्हणाल्या. ड्युटीवर असताना बाई गावाकडचं बोलत नसत.

जीपमधे मी बोललो, "तिला कळलंय, बाई. तिनं ओळखलं."

"ओळखलं असेल. पण ऐकायचं नाही म्हणाली. ते तिच्याकडं आहे." मग जीप घाट उतरली. खाली आल्यावर म्हणाल्या, "देसाई, तुमच्याकडची राखाडी बुचं फेकून द्या." मी दुसऱ्या दिवशी फेकून दिली.

त्या दिवसापासून बाईंनी आणखी एक गोष्ट सुरू केली. मोजणीसाठी रक्त घेताना त्या प्रत्येक बाईला, एकीलाही न वगळता, सगळं सांगायच्या. इतक्या वेळा ऐकल्यानं ते मला पाठ आहे. "ह्यातलं थोडं रक्त सरकारच्या मोजणीला जाणार. त्याचं उत्तर मला कळणार नाही, तुम्हालाही कळणार नाही. स्वतःचं जाणून घ्यायचं असेल तर वेगळं रक्त देता येतं. नाही म्हणालात तरी चालतं, औषधपाणी तेच मिळेल." दिवसाला चाळीस बायका असल्या तर चाळीस वेळा. वरून आलेल्या एका तपासनिसानं विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे? बाई म्हणाल्या, "नको असं कुठल्यात लिहिलंय ते दाखवा." तो गृहस्थ फाईल चाळत बसला, आणि निकम साहेब त्या वेळी कधी नव्हे ते बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

पाटण बाळंतपणाला दवाखान्यात गेली, तालुक्याच्या. मुलगी झाली. हे आम्हाला तिथल्या नर्सबाईकडून कळलं. त्यानंतर काही नाही. दर सोमवारी पहिली पाटण गाडी यायची वेळ झाली, की बाई एकदा दाराशी येऊन व्हरांड्यात नजर टाकून जायच्या. मी बघायचो. त्या मला बघताना बघायच्या.

असं जवळजवळ तीन वर्षं चाललं. मग बाईंची निवृत्ती आली.

निरोप समारंभ व्हरांड्यातच केला. शाल, नारळ, झेंडूचा हार. निकम साहेबांनी भाषण केलं. बाईंनी भाषण केलं नाही. "माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीला ट्रे हलवायला शिकवलंय," एवढं म्हणाल्या आणि बसल्या. पेढे वाटले गेले. दुपारचे तीन झाले असतील. बाई खोलीतलं आपलं सामान पिशवीत भरत होत्या. दळणाचा डबा त्यांनी आधीच दाराशी आणून ठेवला होता, घरी न्यायला. गळ्यात हार तसाच.

पाटण आली. मी तिला आधी ओळखलंच नाही. वाळून गेली होती. कपाळ मोकळं होतं. बोटाला धरून एक मुलगी, दोन-अडीच वर्षांची, तिच्या हातात कुणीतरी पेढा दिलेला. व्हरांड्यातल्या खुर्च्या, फुलं बघून ती दाराशीच थांबली.

"म्याडम, आज काय हाय वं हितं? मी मागनं येऊ?"

बाई वळल्या. तिच्याकडं बघितलं, मग पोरीकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"तवाची ती तपासनी," ती म्हणाली. "आता करा. माजी आन् हिची, दोगींची. ह्यो गेला गेल्या म्हैन्यात. भाऊ म्हनतोय पोरीला ठेवून घेतो, पन माज्यामागं तिचं कसं काय, ते मी हाय तवर ठरवाया पायजे." पोरीचं पेढ्यानं भरलेलं तोंड पदरानं पुसलं. "तवा इचारलं व्हतं ना मी, कळून काय करू म्हनून. आता करायला हाय."

नवी मुलगी पुढं झाली होती. बाईंनी तिला हातानं थांबवलं. घड्याळात बघितलं. पाच वाजेपर्यंत त्या सरकारी नोकरीत होत्या. गळ्यातला हार काढला आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून दळणाच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात काही ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग हात धुतले, हातमोजे चढवले, पालथा किडनी ट्रे टेबलाच्या मध्यावर ओढून घेतला, आणि सगळं तेच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नाही म्हणालीस तरी चालतं इथपर्यंत.

"घ्या," ती म्हणाली. आणि माझ्याकडं मान वळवून, "बूच कुटलं बी लावा, भाऊ."

मी तांबडं बूच नेऊन दिलं.

ती स्टुलावर बसून बाही वर करायला लागली. डावी. बाईंनी तिच्या उजव्या हाताला हात लावला, दोन बोटांनी शीर चाचपली, आणि तिला नावानं हाक मारली. गावाच्या नाही. तिच्या नावानं, पुढं नवऱ्याचं नाव, पुढं आडनाव, तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी रक्ताच्या कागदावर जसं लिहिलं होतं तसं पूर्ण.

"उजवा हात दे," त्या म्हणाल्या. "डाव्यात शीर आत आहे तुझी."

पाटणनं वर बघितलं. "तुमी माजं नाव इसरला न्हवता."

"नाही," बाई म्हणाल्या, "जमलं नाही," आणि सुई घातली.

मी दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यातल्या खुर्च्या उचलायला लागलो. ते नाव मी इथं लिहीत नाही.